तोंडी लावणं : ताटातलं गौण की आवश्यक?

तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस सॉस आणि चटण्यांवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. पण हा विषय तत्त्वज्ञानाच्या एका फार जुन्या ग्रंथात आलेला आहे. तिथूनच सुरुवात करू.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात सॉक्रेटिस शब्दांनी एक नगर वसवतो आहे. तिथले लोक काय खातील? गव्हाच्या आणि जवाच्या भाकऱ्या, असं तो सांगतो. ग्लॉकॉन त्याला लगेच अडवतो, की या लोकांना तू तोंडी लावायला काहीच दिलेलं नाहीस. सॉक्रेटिस चूक मान्य करतो. मग मीठ, ऑलिव्ह, चीज, उकडलेले कांदे, पालेभाजी अशी भर घालतो. यादीत पहिलं येतं ते मीठ, हे लक्षात ठेवा. तरीही ग्लॉकॉनचं समाधान होत नाही. हे नगर त्याला डुकरांचंच वाटतं.

ग्रीक लोक जेवणाचे दोन भाग मानत. 'सिटॉस' म्हणजे धान्य, आणि 'ऑप्सॉन' म्हणजे धान्याबरोबर खायचं ते. मग ते मीठ असो, कांदा असो की मासा. समुद्रकाठच्या त्या लोकांना मासा इतका प्रिय, की आजच्या ग्रीकमधला माशाचा शब्द 'प्सारी' हा या ऑप्सॉनपासूनच आलेला आहे. म्हणजे ऑप्सॉन हे एखाद्या पदार्थाचं नाव नव्हतं, ते ताटातल्या एका जागेचं नाव होतं.

आता आपल्याकडे या. आपण 'तोंडी लावणं' म्हणतो, 'कालवण' म्हणतो. गावाकडे अजून विचारतात, आज कोरड्यास काय केलंय? शब्द कसा नेमका आहे बघा. भाकरी कोरडी, तिच्यासाठी जे काही ते कोरड्यास. आमटी असेल, पिठलं असेल, नाहीतर नुसता ठेचा. पदार्थ कुठलाही चालेल, जागा रिकामी राहता कामा नये.

हे फक्त ग्रीक आणि मराठी माणसांचं वैशिष्ट्य असतं, तर आम्ही त्यावर व्याख्यान दिलं नसतं. ऑड्री रिचर्ड्स या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९३० च्या दशकात आजच्या झांबियातल्या बेंबा लोकांमध्ये राहून त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९३९ साली आलं. बेंबांचं मुख्य अन्न 'उब्वाली', म्हणजे नाचणीचं घट्ट उकडलेलं पीठ. त्याबरोबर हवं 'उमुनानी' : पालेभाजी, अळंबी, मासा, सुरवंट, जे मिळेल ते. उब्वाली मिळाली नाही तर जेवण झालं असं बेंबा म्हणत नाहीत, आणि उमुनानीशिवाय उब्वाली घशाखाली उतरत नाही. नाचणीची भाकरी खाणाऱ्या कोकणातल्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही.

आता यामागचं कारण थोडं पाहू. धान्य पोट भरतं, पण त्याची चव मवाळ असते. भात जगभर आवडीनं खातात तो याच गुणामुळे, कारण दुसरी कुठलीही चव तो आपल्यात सामावून घेतो. म्हणून जिथे भात आहे तिथे त्याच्या शेजारी काहीतरी तीव्र असतं. व्हिएतनाममध्ये 'नुओक माम' करतात. लहान मासे आणि मीठ, साधारण तीनास एक या प्रमाणात, पिंपात भरून वर्षभर ठेवतात. मीठ सडवणाऱ्या जंतूंना रोखतं आणि माशाच्या पोटातलीच पाचक द्रव्यं त्याच्या प्रथिनांचे तुकडे करतात. शेवटी खाली निथळतो तो पारदर्शक, तांबूस रस. जपानचा सोया सॉसही याच तत्त्वावर होतो. फरक इतकाच, की तिथे सोयाबीन आणि गहू यांच्यावर 'कोजी' ही बुरशी वाढवतात आणि प्रथिनं फोडायचं काम ती करते.

तुटलेल्या प्रथिनांतून जे निघतं त्यात ग्लुटामेट असतं. टोकियोच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सारातून ते वेगळं केलं आणि त्या चवीला 'उमामी' म्हटलं. चमचाभर सॉसनं प्रथिनाची गरज भागत नाही, हे खरं. पण ज्याच्या वाट्याला मासा क्वचित येतो, त्याचा वाडगाभर भात त्या चमच्याने खाण्यासारखा होतो.

आणि केचप? बहुतेक भाषातज्ज्ञांच्या मते हा शब्द दक्षिण चीनच्या होक्किएन बोलीतला, आणि त्याचा अर्थ माशाचंच खारवण. इंडोनेशियात 'केचाप' म्हणजे आजही सोया सॉस. इंग्रजांनी त्याच नावानं अळंब्यांचा आणि अक्रोडाचा केचप केला. टोमॅटो आला तो अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकात. आत काय आहे ते पूर्ण बदललं, नाव टिकलं, कारण ताटातली जागा तीच राहिली.

इथवर हे सगळं रंजक वाटेल. पण आम्हाला जे म्हणायचं आहे ते पुढे आहे.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमच्या थोरल्या केटोनं शेतीवर पुस्तक लिहिलं. माणूस अतिशय हिशेबी. म्हातारा झालेला गुलाम विकून टाका, असा सल्ला देणारा. पण गुलामांचा शिधा ठरवताना तो तोंडी लावण्यासाठी वेगळं प्रकरण लिहितो. झाडाखाली पडलेली ऑलिव्ह द्यावीत. ती संपली की माशाच्या सॉसचा तळचा गाळ आणि व्हिनेगर. महिन्याला ठरावीक तेल, वर्षाला ठरावीक मीठ. यात दया अजिबात नाही. नुसत्या धान्यावर माणूस चालत नाही, एवढा व्यवहार त्याला कळत होता.

आपल्या २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. ही मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नका. काही राज्यं डाळ आणि तेलही देतात. पण कायद्याने हक्क म्हणून दिलं ते धान्य. डाळ, तेल, तिखट, मीठ ज्याचं त्यानं बघायचं. डाळ महागली की या घरांत काय होतं? धान्य तेवढंच येतं, कोरड्यास पातळ होतं. पोट भरलं की नाही एवढंच मोजणाऱ्या तक्त्यात हे दिसत नाही, कारण पोट भरलेलं असतं.

आपली भाषा मात्र हा हिशेब चुकलेली नाही. अगदी गरिबीतल्या जगण्याला आपण 'मीठ-भाकर' म्हणतो, 'चटणी-भाकर' म्हणतो. एकट्या भाकरीवर कुणाचं भागतं असं मराठीत म्हणत नाहीत. किमान जगण्याच्या कल्पनेतही दोन शब्द आहेत. सॉक्रेटिसच्या दुरुस्त यादीतही आधी मीठच आलं.

चटणी आपण ताटाच्या डाव्या बाजूला वाढतो आणि तिला वरची गोष्ट समजतो. आम्हीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. पण ज्याच्या ताटात उजवीकडे वाढायला फारसं काही नाही, त्याच्यासाठी ही डावी बाजूच अख्खं जेवण तोलून धरते. गरिबाच्या ताटाचा विचार करताना ग्लॉकॉनची हरकत आठवावी, एवढंच आमचं म्हणणं. आपले प्रश्न असतील तर अवश्य विचारा.