विकलेले घड्याळ परत घेताना

परभणी : घरातले जुने मनगटी घड्याळ मिळेल त्या भावात देऊन टाकायचे आणि काही वर्षांनी तसेच घड्याळ शोधत बाजार पालथा घालायचा, हे अनेकांच्या वाट्याला येते. वडिलांना लग्नात मिळालेले ‘जनता’ किंवा ‘कांचन’ कधी नडीला विकले जाते, कधी बॅटरीवरच्या घड्याळापुढे जुनाट वाटते म्हणून. पुढे त्याची किंमत कळते. तेच घड्याळ परत मिळणे जवळपास अशक्य असते. तसेच दुसरे मिळते, पण तिथे फसगतीची शक्यता मोठी.

एके काळी आपल्याकडे चांगले मनगटी घड्याळ म्हणजे स्विस माल. मुंबईतून व्यापार करणाऱ्या ‘फेव्हर ल्यूबा’ आणि ‘वेस्ट एंड’ या कंपन्यांची नावे जुन्या पिढीच्या तोंडी होती. १९६१ साली जपानच्या ‘सिटिझन’च्या सहकार्याने ‘एचएमटी’ने बंगळूरला घड्याळांचा कारखाना उभारला आणि घड्याळ सामान्य नोकरदाराच्या मनगटावर आले. ‘कांचन’ला तर लग्नाच्या बाजारात मान होता. वरपक्षाच्या मागण्यांत ते असे आणि मुलीच्या बापाला ते कुठूनही पैदा करावे लागे. आज त्या घड्याळाविषयी हळवे होताना हेही विसरू नये. १९८४ मध्ये ‘टायटन’ची स्थापना झाली, क्वार्ट्झचे युग आले आणि किल्लीची घड्याळे मागे पडली. ‘एचएमटी वॉचेस’ बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. त्यानंतर जुन्या ‘एचएमटी’चे शौकीन वाढले आणि त्यांच्यामागोमाग बनावट माल करणारेही.

ही बनावट विचित्र असते. आतले यंत्र बहुधा खरेच ‘एचएमटी’चे, पण दोन-तीन निकामी घड्याळांच्या भागांतून जुळवलेले, वर तबकडी नव्याने रंगवलेली. म्हणून पन्नास वर्षांचे घड्याळ कोरे करकरीत दिसले की आधी शंका घ्यावी. भिंगातून अक्षरे पाहावीत. कारखान्यातली छपाई बारीक आणि रेखीव असते, रंगवलेली जाड व फुटलेली. देवनागरी तबकडीवर तर मराठी वाचकाची नजर सहज फसणार नाही. वेलांटी घसरलेली किंवा शिरोरेषा तुटलेली असेल, तर ते काम नंतरचे समजावे. भडक नारिंगी वा जांभळ्या तबकड्यांच्या वाटेला जाऊच नये. किंचित पिवळी पडलेली, डाग असलेली मूळ तबकडी केव्हाही अधिक मोलाची.

यंत्राचे गणित सोपे आहे. ‘जनता’मध्ये १७ ज्युएल्स असतात. हे दागिन्याचे खडे नव्हेत. चाकांच्या टोकांची झीज कमी करणारी ती कृत्रिम माणके होत. त्यांना लागणारे तेल काही वर्षांत सुकते. तेलाविना घड्याळ चालत राहते खरे, पण आतून झिजत जाते. ‘चालू आहे’ या विक्रेत्याच्या शब्दाला म्हणूनच फारसा अर्थ नाही. परभणीचा कडक उन्हाळा, धूळ आणि घाम यांपासून अशा घड्याळाला जपावेच लागते, कारण पाणी अडवणारी रबरी कडी असलीच तरी ती एव्हाना कडक झालेली असते. स्पीकरच्या चुंबकाजवळ ठेवल्यास केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ अचानक पुढे धावू लागते. किल्ली रोज ठरावीक वेळी द्यावी; हाताला अडली की थांबावे.

घेण्यापूर्वी डोळ्याला भिंग लावून काम करणारा कारागीर गाठावा आणि झाकण उघडून यंत्र पाहून घ्यावे. तालुक्याच्या गावी असे हात आता मोजकेच उरले आहेत. घड्याळ दोन दिवस जवळ ठेवू देता का, असेही विक्रेत्याला विचारावे. पूर्ण किल्ली दिल्यावर ते सुमारे दीड दिवस चालायला हवे. विक्रेत्याने नकार दिला, तर दुसरे दुकान पाहावे.