गाणं घरात आहे, पण सापडतं का?

घरात गाणी किती आहेत, हा प्रश्न पूर्वी कपाटाकडे नुसतं बघून सुटायचा. तबकड्यांची चळत, कॅसेटचे दोन खोके, सीडींचा एक डबा. आज तेच सगळं तळहातावर मावणाऱ्या डबीत जाऊन बसलं आहे. २ टीबीची हार्डडिस्क घ्या, एका गाण्याला १२ एमबी जागा धरा. दीड लाखाहून जास्त गाणी तिच्यात मावतात. रोज आठ तास ऐकायची म्हटली तरी चार वर्षं पुरतील. पण घरी पाहुणे आले आणि कुणी म्हणालं, 'माणिक वर्मांचं ते जुनं भावगीत लावा ना', तर ते सापडतं का? माझं साधं मत आहे, मागितल्यावर दोन मिनिटांत जे गाणं वाजत नाही, ते घरात असून नसल्यासारखंच.

माझी नोकरी आधी धुळ्याला झाली, नंतर जळगावला. या दोन्ही गावांत अनेकांच्या घरी संग्रह कसे वाढले ते मी पाहिलं आहे, माझाही तसाच वाढला. आधी रेडिओ. मग कॅसेट. पसंतीच्या गाण्यांची यादी दुकानात नेऊन द्यायची आणि दोन दिवसांनी कॅसेट भरून आणायची. २००० सालानंतर एका सीडीत दीडशे-दीडशे गाणी कोंबलेल्या एमपीथ्री सीड्या आल्या, मग पेन ड्राइव्ह, मग मोबाइल. प्रत्येक वाटेनं गाणी आली ती आपापली नावं घेऊन. त्यामुळे एकच गाणं चार नावांनी घरात नांदतं. एकीकडे 'ट्रॅक ०१', दुसरीकडे 'मराठी हिट्स ७', तिसरीकडे अर्धवट इंग्रजी स्पेलिंग, आणि चौथ्या ठिकाणी नुसतेच चौकोन. हे चौकोन किंवा अगम्य अक्षरं दिसतात ती बहुधा जुन्या मराठी फॉन्टमुळे. तो फॉन्ट ज्या संगणकात नाही, तिथे ते नाव वाचताच येत नाही. युनिकोडमध्ये लिहिलेलं देवनागरी मात्र कुठेही उघडतं. म्हणून पहिला नियम: नावं लिहायची ती युनिकोडमध्येच.

दुसरी गोष्ट फोल्डरची. आपण हौसेनं फोल्डर करतो. लता, आशा, सुधीर फडके, नाट्यगीते, भजने. मग पंचाईत होते. सुधीर फडक्यांनी चाल दिलेलं आणि आशाबाईंनी गायलेलं गाणं कुठे ठेवायचं? दोन्हीकडे ठेवलं तर घोटाळा, एकीकडे ठेवलं तर दुसरीकडे शोधताना ते मिळत नाही. याचं उत्तर आपल्या वाचनालयांनी फार पूर्वीच शोधून ठेवलं आहे. जळगावच्या व. वा. वाचनालयात काय किंवा दुसऱ्या कुठल्या वाचनालयात काय, पुस्तक एकाच फळीवर असतं. पण त्याची नोंद लेखकाच्या नावाखाली सापडते, पुस्तकाच्या नावाखाली सापडते, विषयाखालीही सापडते. फळी एक, वाटा अनेक. संगणकात फोल्डर म्हणजे फळी. आणि नोंदीचं काम करतो तो टॅग.

टॅग म्हणजे गाण्याच्या फाइलच्या पोटातच ठेवलेली छोटी चिठ्ठी. फाइल कुठेही नेली तरी चिठ्ठी सोबत जाते. एमपीथ्री हे नाव १९९५ मध्ये ठरलं आणि पुढच्याच वर्षी ही चिठ्ठी निघाली. ती होती फक्त १२८ बाइटची. गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, गायकाला ३०, अल्बमला ३०. संगीताचा प्रकार निवडायला ८० नावांची ठरीव यादी. तिच्यात रॉक होतं, जॅझ होतं, पोल्का नाचसुद्धा होता. पण अभंग, लावणी, भावगीत, नाट्यगीत यांतलं एकही नव्हतं. करणाऱ्यांचा दोष नाही, त्यांच्यासमोर त्यांचंच संगीत होतं. १९९८ मध्ये या चिठ्ठीची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात गायक, संगीतकार आणि गीतकार यांना वेगवेगळे कप्पे मिळाले, कोणतीही लिपी चालू लागली आणि प्रकाराचं नाव आपल्या मनानं लिहिता येऊ लागलं. आपल्या कामाची आहे ती ही दुसरी चिठ्ठी. गंमत अशी, की आजही बहुतेक लोक तिचे दोनच कप्पे भरतात, गाणं आणि गायक.

आपल्या संगीताला हे दोन कप्पे का पुरत नाहीत, ते गीतरामायणावरून चटकन कळेल. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून ते प्रसारित झालं. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, गाणी एकंदर ५६. रेडिओवर ती माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशा वेगवेगळ्या आवाजांत झाली. पुढे घराघरांत पोचली ती मुख्यतः सुधीर फडक्यांच्या स्वतःच्या आवाजातली. म्हणजे गाणं तेच, गायक निराळा. गायकाच्या कप्प्यात ही माहिती नसेल, तर दोन ध्वनिमुद्रणांतला फरक कळणार नाही. आणि गाण्याचा अनुक्रम लिहिला नसेल, तर संगणक अक्षरांप्रमाणे क्रम लावेल आणि कथेची पार मोडतोड होईल. राज्याभिषेक आधी आणि वनवास नंतर! क्रमांकही ०१, ०२ असे शून्यासह लिहावेत. नाहीतर गाडीतला साधा प्लेअर १ नंतर थेट १० वाजवतो.

आता आपल्या बहिणाबाईच घ्या. आसोद्याच्या या माउलीची गाणी तिच्या पश्चात, १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आली. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांनी त्यांतल्या काही कवितांना चाली दिल्या आणि सुमन कल्याणपूर यांनी त्या गायल्या. नंतर यशवंत देवांच्या चालीत उत्तरा केळकरांनी बहिणाबाई गायल्या. आता घरात कुणी म्हणालं, 'बहिणाबाईंचं काही लावा', तर ते कसं शोधणार? गायकाच्या नावानं शोधलं तर एक सुमनताईंकडे, एक उत्तराताईंकडे. चित्रपटाच्या नावानं शोधलं तर निम्मं हुकणार. गीतकाराच्या कप्प्यात 'बहिणाबाई चौधरी' एवढे दोन शब्द लिहून ठेवले असतील, तर सगळी गाणी एका ओळीत येऊन उभी राहतात. सालाचा कप्पाही असाच. 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ चं नाटक आहे आणि २०१५ चा चित्रपटही आहे. नाव एक, पण नाटकातले वसंतराव ऐकायचे आहेत की चित्रपटातलं संगीत, हे साल सांगतं.

नाव एकदा ठरवलं की ते तसंच लिहायचं, हा तिसरा नियम. 'गदिमा', 'ग. दि. माडगूळकर' आणि 'गजानन दिगंबर माडगूळकर' हे आपल्याला एकच गृहस्थ आहेत. संगणकाला ते तीन आहेत. एक जादा टिंब किंवा एक मोकळी जागासुद्धा त्याला निराळा माणूस वाटते. मी एका शंभर पानी वहीत गायक, संगीतकार, गीतकार यांची ठरलेली नावं लिहून ठेवली आहेत आणि ती वही संगणकाशेजारीच असते. शास्त्रीय संगीतात रागाचं नाव गाण्याच्या नावात आधी लिहावं, मग ख्याल विलंबित की द्रुत ते. म्हणजे सगळे यमन, सगळे मारवे आपोआप एकत्र येतात.

हे सगळं करायला एमपीथ्रीटॅगसारखे फुकट मिळणारे प्रोग्रॅम आहेत. त्यांत पन्नास गाणी एकदम निवडून संगीतकाराचं नाव एका फटक्यात भरता येतं. पण एक सल्ला. पहिल्याच दिवशी सगळा संग्रह उपसायला बसू नका. अशी कामं तिसऱ्या दिवशी सुटतात. रोज एक अल्बम घ्या, तो ऐका आणि ऐकता ऐकता चिठ्ठी भरा. वर्षाला साडेतीनशे अल्बम होतात, आणि मुख्य म्हणजे आपण ते ऐकलेले असतात.

आवाजाच्या दर्जाबद्दल थोडक्यात सांगतो. सीडीवरचं पाच मिनिटांचं गाणं सुमारे ५३ एमबी जागा घेतं. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत तेच गाणं पाचेक एमबीत बसतं, कारण कानाला सहसा न जाणवणारा भाग त्यातून गाळलेला असतो. गाळलेलं परत येत नाही. लहान फाइल ३२० केबीपीएसची करून आवाज सुधारत नाही, फक्त जागा वाढते. ताकाचं पुन्हा दूध होत नसतं. म्हणून स्वतःच्या सीडी किंवा कॅसेट संगणकात घेताना 'फ्लॅक' या प्रकारात घ्याव्यात. त्यात काहीच गाळलं जात नाही आणि जागा मात्र मूळच्या निम्म्याच्या आसपास लागते.

वाजवण्यासाठी आता संगणक बैठकीत आणायची गरज राहिलेली नाही. जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या कॅटएवढा छोटा संगणक कोपऱ्यात ठेवायचा, त्याला डिस्क आणि ॲम्प्लिफायर जोडायचा. घरच्या वाय-फायवरून हातातल्या मोबाइलवर यादी दिसते, बोट लावलं की गाणं सुरू. फक्त दोन सोयी तपासून घ्या. एक, 'रिप्लेगेन'. जुन्या तबकडीचा आवाज बारीक आणि नव्या गाण्याचा दणदणीत असतो. ही सोय दोघांना एका पातळीवर आणते, आपल्याला दर गाण्याला उठावं लागत नाही. दुसरी, 'गॅपलेस', म्हणजे मध्ये खंड न पडता वाजवणं. विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू होताना सीडीवर ट्रॅक बदलतो, पण गायक थांबलेला नसतो. तिथे क्षणभर शांतता पडली की रसभंग होतो.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलवर सगळी गाणी मिळत असताना एवढा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. चित्रपटगीतांपुरतं तुमचं म्हणणं मला मान्यही आहे. पण आपल्या घराघरांत काही कॅसेट अशा आहेत, की ज्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. आखाजीला झोक्यावर म्हटलेली गाणी, कानबाईच्या रात्रीची गाणी, लग्नात हळदीला आजी-मावश्यांनी धरलेला सूर. सगळं अस्सल अहिराणीत. एखाद्या मामानं हौसेनं टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून भरलेलं. कॅसेटवर लिहिलेलं असतं फक्त 'घरचे'. त्यातला आवाज कुणाचा, गाव कोणतं, लग्न कुणाचं, हे सांगू शकणारी माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. माझ्या आईच्या आवाजातल्या आखाजीच्या गाण्यांची अशी एक कॅसेट माझ्याकडे आहे. तिच्या मागून साथ देणाऱ्या चार बायका कोण, हे आता माझ्या दोन मावश्यांनाच ठाऊक आहे. त्यांना जवळ बसवून मी एकेक गाणं ऐकवलं आणि नावं लिहून घेतली. मोबाइल कंपनी मला कितीही गाणी देईल, ही नावं देणार नाही.

जात्यावरच्या ओव्यांचं मोठं काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अशाच पद्धतीनं केलं. एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि त्यांच्या बरोबर म्हणणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव हेही टिपलं. म्हणून तो संग्रह आज अभ्यासाला उपयोगी पडतो. धुळेकरांना तर हे निराळं सांगायला नको. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून माळ्यावरची दप्तरं शोधत आणि मिळालेली कागदपत्रं छापताना त्यांचा ठावठिकाणा, काळवेळ यांची चिकित्सा करीत. त्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड त्यातूनच उभे राहिले. माळ्यावरची कॅसेट हे आपलं दप्तरच आहे.

अशी कॅसेट संगणकात घेताना घाई नको. आधी ती एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्या, टेपचं हेड स्पिरिटनं पुसा. टेपमधून वायरीनंच आवाज संगणकात न्या, समोर मोबाइल धरून नव्हे. 'ऑडॅसिटी' हा फुकटचा प्रोग्रॅम त्याला पुरतो. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतात, त्याला इलाज नाही.

शेवटचा मुद्दा जपणुकीचा. खान्देशचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा ४५ च्या घरात, त्यात विजेचं येणं-जाणं. डिस्क बंद कपाटात गरम ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका. आणि डिस्क केव्हातरी जाणारच हे धरूनच चाला. जाणकारांचा नियम असा: प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. माझी दुसऱ्या जागची प्रत धुळ्याला बहिणीकडे असते. दर भाऊबीजेला मी नवी डिस्क घेऊन जातो आणि गेल्या वर्षीची घेऊन येतो. ओवाळणीत डिस्क आणली म्हणून ती हसते, पण आईची गाणी तिच्याही घरी सुखरूप राहतात.

तेव्हा सुरुवात करायची ती बाजारात मिळणाऱ्या गाण्यांपासून नको. या रविवारी माळ्यावरचा खोका खाली काढा, 'घरचे' लिहिलेली कॅसेट शोधा आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा, 'हा आवाज कुणाचा?' उत्तर आलं की लगेच लिहून ठेवा. बाकीच्या हजारो गाण्यांच्या चिठ्ठ्या पुढच्या महिन्यात भरल्या तरी चालतील.

(आकाशवाणीवरील भाषणावरून संपादित)