कोणत्या वर्षीचा नगर जिल्हा?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं ‘अहमदनगर जिल्ह्यातील पर्जन्यमान आणि पीकपद्धती’. कमिटीतल्या एका सरांनी एवढंच विचारलं, “कोणत्या वर्षीचा जिल्हा?” मला प्रश्नच कळला नाही. जिल्ह्याला वर्ष कसलं? सिनॉप्सिस परत आला, माझे चार महिने गेले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

पेशवाई संपल्यावर १८१८ मध्ये इंग्रजांनी नगरचा जिल्हा केला. नाशिक वेगळा जिल्हा झाला तो १८६९ मध्ये. त्याआधी त्याचा बराचसा भाग नगरकडेच होता. आता १८५० सालच्या कागदातला ‘अहमदनगर’चा लागवडीचा आकडा तुम्ही १८८० च्या आकड्याशेजारी ठेवलात तर आलेख धाडकन खाली येईल आणि तुम्ही त्याचं कारण दुष्काळात शोधत बसाल. प्रत्यक्षात फक्त हद्द सरकलेली असते! १८८४ चं जिल्हा गॅझेटियर या फाळणीनंतरचं आहे, म्हणून सुरुवात तिथून करणं सोयीचं. आणि हे जुन्या काळापुरतं नाही बरं का. राहाता तालुका १९९१ च्या जनगणनेत शोधून पाहा, सापडणार नाही. तो नंतर झाला. इंग्लंडमध्येही हीच गंमत: रटलंड नावाची छोटीशी काउंटी १९७४ मध्ये शेजारच्या काउंटीत विलीन झाली, १९९७ मध्ये परत वेगळी झाली. मधल्या वर्षांचे आकडे कसे जुळवायचे, हा तिथल्या अभ्यासकांचाही प्रश्न.

नावाचंही बघा. २०२४ पासून अहिल्यानगर झालं, त्यामुळे डेटाबेसमध्ये दोन्ही नावांनी शोधा. शिवाय १८८४ च्या गॅझेटियरमध्ये इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे, मधल्या ‘ई’च्या जागी ‘ए’. या एका अक्षरापायी माझे निम्मे संदर्भ निसटले होते.

बरं, हद्द पक्की केली तरी ‘जिल्ह्याचा सरासरी पाऊस’ म्हणजे काय? अकोले तालुक्यात घाटमाथ्यावर, घाटघर-रतनवाडीकडे, चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. कर्जत-श्रीगोंद्याकडे पाचशेच्या आसपास. या दोघांची सरासरी काढून तुम्ही कर्जतच्या बाजरीबद्दल काय सांगणार? पाणीसुद्धा एका दिशेला जात नाही. प्रवरा आणि मुळेचं पाणी गोदावरीला मिळतं, तर सीना आणि घोडचं भीमेतून कृष्णेला.

म्हणून मी जिल्हा सोडला आणि प्रवरेचं खोरं धरलं. मग गोष्टी एकमेकींना जोडल्या जाऊ लागल्या. प्रवरा रतनगडाजवळ उगम पावते, घाटमाथ्याचा पाऊस घेऊन पर्जन्यछायेत उतरते. आकाशातून पाणी कमी, पण नदीतून येतं, आणि काठाला काळी माती. संगमनेरजवळचं जोर्वे, ज्याच्यावरून एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळालं, प्रवराकाठीच आहे. १९७४ मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी कांस्यशिल्पं जिथे सापडली ते दायमाबादही प्रवराकाठचंच. पुढे १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, कालव्यांनी तेच पाणी आणखी लांब नेलं, मागोमाग ऊस आला. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तोही याच पट्ट्यात. तीन हजारांहून जास्त वर्षांचं अंतर, आणि नदी तीच. जिल्ह्याच्या तक्त्यात हे मला कधी दिसलं नसतं.

अर्थात खोरं धरलं की नवी डोकेदुखी: सरकारी आकडे तालुकानिहाय असतात, खोरेनिहाय नाही. त्यासाठी टोपोशीटवर पाणलोटाची रेषा काढायची, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतली गावांची यादी घ्यायची आणि एकेक गाव रेषेच्या आत की बाहेर ते टिपायचं. कंटाळवाणं काम आहे, पण सॉफ्टवेअरवर सोडण्याआधी एक तालुका तरी हाताने करा. मी अकोल्यापासून सुरुवात केली आणि मुळा-प्रवरेच्या मधल्या डोंगरावरच्या गावांशी दोन दिवस अडलो.