चित्रांचा भार

एखादे संकेतस्थळ मोबाइलवर उघडू लागले असता मथळे तत्काळ उमटतात आणि चित्रांच्या जागी मात्र कोऱ्या चौकटी ताटकळत राहतात, तेव्हा आपण इंटरनेटच्या मंद गतीस बोल लावतो; परंतु पुष्कळदा दोष असतो तो छायाचित्र कॅमेऱ्यातून निघाले तसेच्या तसे तेथे चढवणाऱ्याचा. ४००० पिक्सेल रुंद व ३००० पिक्सेल उंच अशा छायाचित्रात १ कोटी २० लाख बिंदू असतात, आणि प्रत्येक बिंदूच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या अंशांकरिता एकेक बाइट धरला तर हा ऐवज ३ कोटी ६० लाख बाइटांचा होतो.

तो काही लाखांवर आणणारी जेपेग ही पद्धती १९९२ साली मानक म्हणून मान्यता पावली. तिच्या मुळाशी असलेले गणित बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ च्या जानेवारीत प्रसिद्ध केले. त्यापूर्वी, १९७२ मध्ये, या संशोधनास साहाय्य मिळावे म्हणून अहमद यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे केलेला अर्ज नामंजूर झाला होता. कल्पना फारच सोपी आहे, असा एक आक्षेप होता! आज जगातील असंख्य छायाचित्रे त्याच सोप्या कल्पनेवर प्रवास करतात, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या नकाराचे वैषम्य वाटल्याखेरीज राहत नाही.

मानवी दृष्टी उजेड-अंधाराचा भेद जितक्या सूक्ष्मतेने टिपते तितक्या सूक्ष्मतेने रंगांचा भेद टिपत नाही. म्हणून प्रथम रंगांचा तपशील विरळ केला जातो. मग चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून, त्या ६४ बिंदूंची मूल्ये मंद व जलद चढउतारांच्या ६४ प्रमाणांत मांडली जातात. आकाश, भिंत, कपाळ यांचा संथ उतार मंद चढउतारांत सामावतो व तो जपला जातो. जलद चढउतारांची प्रमाणे मोठ्या संख्येने भागून पूर्णांकात आणली की बहुतेक शून्य होतात, आणि शून्यांच्या लांबलचक रांगेची नोंद अगदी थोडक्यात करता येते. हा त्याग हाताबाहेर गेला म्हणजे चौकोनांच्या कडा उघड्या पडतात आणि अक्षरांभोवती धूसर डाग उमटतात; यास्तव आकृत्या, नकाशे व अक्षरपट यांना १९९६ पासून प्रचलित असलेली, काहीही न गमावणारी पीएनजी पद्धतीच उचित होय.

परंतु या साऱ्याच्या आधी करावयाची गोष्ट अगदी साधी आहे. लेखाच्या स्तंभात ८०० पिक्सेल रुंदीनेच दिसणारे चित्र तेवढेच करून ठेवले, तर बिंदूंची संख्या पंचविसाव्या हिश्श्यावर येते, आणि दाट बिंदूंच्या पडद्यांसाठी रुंदी दुप्पट राखली तरी ती सहाव्या हिश्श्याच्या आसपासच राहते. त्यानंतर जेपेगची गुणवत्ता ८० च्या सुमारास मुक्रर करावी, किंवा गूगलने २०१० साली पुढे आणलेली वेबपी पद्धती योजावी. जेपेग चित्र दुरुस्त करून वारंवार साठवल्यास प्रत्येक खेपेस काही अंश लोपतो, म्हणून अस्सल प्रत निराळी राखून नकलेवरच काम करावे. डेटाचा खर्च वाचकाच्या खिशातून होतो. तो विनाकारण वाढवण्याचा अधिकार संपादकास नाही, असे मी मानतो.

आणखी एक बाब आहे. छायाचित्राच्या फाइलीत कॅमेऱ्याचे नाव, वेळ आणि, मोबाइलमध्ये मुभा दिलेली असल्यास, स्थळाचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असतात. ती नोंद काढल्याने भार फारसा हलका होत नाही; तरी घरातील मुलाबाळांचे चित्र प्रसिद्ध करणाऱ्याने ती आधी काढावी.