मागचं चाक एक इंच मोठं

ट्रॅक्टरची मागची चाकं मोठी का, हे शेतावर वाढलेल्या पोराला विचारावं लागत नाही. ओढायचं काम मागच्यांचं, वळायचं पुढच्यांचं. पोर्शे ९११ मध्येही कामाची वाटणी हीच आहे, फक्त ती पटकन डोळ्यांत भरत नाही. ९९२ पिढीच्या साध्या कॅरेराला पुढे १९ इंची रिम असते, मागे २० इंची.

टायरच्या कडेवरचे आकडे वाचले की खरी गंमत कळते. पुढे २३५/४० आणि १९, मागे २९५/३५ आणि २०. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की टायरची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के उंच आहे. तिसरा रिमचा व्यास. गणित मांडलं तर पुढचं अख्खं चाक साधारण ६७१ मिलिमीटरचं भरतं, मागचं ७१५ च्या जवळ. रिममधला फरक एका इंचाचा, चाकातला मात्र पावणेदोन इंचांचा. शिवाय मागचा टायर पुढच्यापेक्षा तीन बोटं रुंद!

हा थाट दिखाव्याचा नाही. ९११ चं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही पलीकडे बसवलेलं असतं, त्यामुळे निम्म्याहून बराच जास्त भार मागच्या दोन चाकांवर येतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो आणखी मागे सरकतो. वळणावर मागच्या टायरची पकड आधी सुटली, तर गाडीची शेपटी फिरून पुढे यायला बघते. जुन्या ९११ या खोडीसाठी बदनाम होत्या. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी आली तेव्हा चारही चाकं एकाच मापाची होती. कॅरेरा आरएस २.७ मध्ये पुढची रिम ६ इंच रुंद आणि मागची ७ इंच अशी फारकत झाली. व्यास तेव्हाही दोन्हीकडे १५ इंचच होता.

मग पुढची चाकंही तेवढीच मोठी का करत नाहीत? कारण ती वळतात. मोठं चाक वळायला मडगार्डखाली जागा जास्त लागते, आणि ती शेवटी चालकाच्या पायांपाशीच कापली जाते. इंजिन मधोमध असलेल्या पहिल्या होंडा एनएसएक्सला म्हणूनच पुढे १५ इंची आणि मागे १६ इंची चाकं होती.

हे पाहून आपल्या हॅचबॅकला मागे रुंद टायर चढवायची हौस येते. तिथं गणित उलटं आहे. इंजिन पुढे, ओढ पुढची, भारही पुढेच. मागची पकड वाढवली की वळणावर गाडी नाक सरळ ठेवून बाहेर जायला बघते, आणि ती सवय अशा गाड्यांना मुळातच असते. चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत तर हा खेळ नकोच. पुढच्या-मागच्या चाकांचं प्रमाण तिच्या गिअरमध्येच धरलेलं असतं. ते बिघडलं की दोन अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडत राहतात आणि त्यांना जोडणारा क्लच तापतो.

खर्चाचंही ऐका. पुढचे टायर मागे टाकून झीज सारखी करणं विसरायचं. स्टेपनी ठेवायची तर कुठल्या मापाची? ९११ मध्ये तिच्याऐवजी पंक्चर बुजवायचं रसायन आणि हवेचा पंप देऊन हा प्रश्नच मिटवलाय.

टायर घ्यायला जाण्याआधी दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. त्यावर पुढचं आणि मागचं माप वेगळं छापलेलं नसेल, तर चारही एकाच मापाचे बसवा.