पाव युनिटाचा वेग

ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातली पहिली मोटारगाडी विजेवर चालणारी होती, असे सांगितले तर अनेकांचा विश्वास बसणार नाही. २९ एप्रिल १८९९ रोजी कामीय झेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने पॅरिसजवळ टॉर्पेडोच्या आकाराची एक गाडी ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने पळवली. तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ होता, 'कधीच समाधान न मानणारी'. पुढे पेट्रोलची इंजिने सुधारली आणि विजेची मोटार मागे पडली. वेग म्हणजे पेट्रोल, धूर आणि गर्जना, हे समीकरण मग शंभर वर्षे पक्के राहिले.

ते मोडले २००८ साली. टेस्ला कंपनीची 'रोडस्टर' रस्त्यावर आली ती लॅपटॉपमध्ये असतात तशा ६,८३१ छोट्या सेलच्या जोरावर. शून्यापासून ताशी शंभरचा वेग ती सुमारे चार सेकंदांत घेई. त्यानंतर जी चढाओढ लागली, तिच्यात एक नाव आपल्या ओळखीचे आहे. इटलीतील पिनिनफारिना ही नामवंत डिझाइन संस्था मुंबईच्या महिंद्रा समूहाने घ्यायचे २०१५ मध्ये ठरवले आणि २०१८ मध्ये त्याच नावाची वेगळी मोटार कंपनी काढली. तिची गाडी 'बातिस्ता'. प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर, एकूण ताकद सुमारे १,९०० अश्वशक्ती, आणि ताशी शंभरचा वेग दोन सेकंदांच्या आत!

एवढा वेग घ्यायला किती वीज लागत असेल? शाळेतले सूत्र वापरून हिशेब केला, तर दोन टनांच्या गाडीला ताशी शंभरच्या वेगात जेवढी ऊर्जा असते, ती पाव युनिटापेक्षाही थोडी कमी भरते. घरातला छताचा पंखा तीन तासांत तेवढी वीज खातो. म्हणजे नवल विजेच्या प्रमाणात नाही, ती किती झटपट मोजून दिली जाते यात आहे. पेट्रोलच्या इंजिनाला आधी फेरे वाढवावे लागतात, मग गिअर बदलावे लागतात. बँकेच्या भाषेत बोलायचे तर तो धनादेश आहे. क्लिअरिंग होईपर्यंत थांबणे आले. विजेची मोटर म्हणजे काउंटरवरची रोकड. चाक स्थिर असतानाच तिचा पूर्ण जोर हजर असतो. शिवाय वेग कमी करताना हीच मोटर सायकलच्या डायनॅमोसारखी वीज तयार करते आणि काही रक्कम पुन्हा खात्यात जमा होते.

हे झाले आकर्षण. व्यवहाराचे काय? बातिस्ताच्या बॅटरीत १२० युनिट वीज मावते. घरच्या सात किलोवॅटच्या चार्जरवर ती पूर्ण भरायला किमान सतरा तास हवेत. जलद चार्जरवर वेळ बराच वाचतो. पण वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि बॅटरी भराभर रिकामी होते. किंमत सुमारे वीस लाख युरो. आणि एवढे करून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागातही मोटारींना मर्यादा ताशी शंभरचीच. म्हणजे पहिल्या दोन सेकंदांत हौस संपली!

गंमत पुढेच आहे. बातिस्ताची बॅटरी पुरवणारी क्रोएशियातील रिमॅक कंपनी स्वतःही 'नेवेरा' नावाची तशीच गाडी बनवते. तिचे संस्थापक माटे रिमॅक यांनी २०२४ मध्ये उघडपणे सांगितले, की अतिश्रीमंत गिऱ्हाइकाला विजेची गाडी नको आहे. त्याला चावीचे घड्याळ आवडते, तसे त्याला इंजिन हवे आहे. त्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखालील बुगाटीने नवी गाडी दाखवली. तिला विजेच्या मोटरी आहेत, पण जोडीला सोळा सिलिंडरचे पेट्रोल इंजिनही आहे. आणि नाव आहे 'तूरबियाँ', म्हणजे यांत्रिक घड्याळातला एक नाजूक भाग. वेग सहज मिळू लागला तसे श्रीमंतांना त्याचे अप्रूप उरले नाही. ते आता कारागिरीसाठी पैसे मोजतात.

मग हा वेग गेला कुठे? तो आपल्याकडे येतो आहे. १९६० च्या दशकातली पहिली पोर्श ९११ ताशी शंभरला पोचायला सुमारे नऊ सेकंद घेई, आणि तेव्हा ती शर्यतीची हौस असलेल्यांची गाडी होती. महिंद्राची चाकणला तयार होणारी 'बीई ६' मोठ्या बॅटरीसह हेच काम ६.७ सेकंदांत करते. मागे मुलांना बसवून, डिकीत सामान टाकून नेण्याची ही गाडी!

जुनी स्पोर्ट्स कार थोड्यांच्या हाती होती. ती गरजे, थरथरे, गिअरसाठी हात गुंतवून ठेवी. आपण किती वेगात आहोत हे कानांना आणि तळव्यांना कळत असे. विजेची गाडी यातले फारसे काही कळू देत नाही. बातिस्ता जास्तीत जास्त दीडशेच बनवायच्या, असे कंपनीने आधीच ठरवलेले. त्यांची काळजी त्यांचे मालक करतील. आपल्या घरात मात्र विशीतला मुलगा किंवा मुलगी अशा गाडीची किल्ली मागणार आहे. किल्ली जरूर द्यावी. पण पहिले काही महिने गाडी सौम्य 'मोड'वर ठेवावी, शेजारी आपण बसावे, आणि डोळे वेगाच्या आकड्यावर ठेवायची सवय त्यांना लावावी.