गणवेश बदलला, हुद्दा कोणता?

पुनिता अरोरा 2004 साली लेफ्टनंट जनरल झाल्या. भारतीय लष्करात या हुद्द्यापर्यंत पोचलेल्या त्या पहिल्या महिला. पुढे त्या नौदलात गेल्या आणि सर्जन व्हाइस ॲडमिरल झाल्या. आरती सरीन यांची कारकीर्द तर तिन्ही दलांत झाली. लष्करात लेफ्टनंट ते कॅप्टन, नौदलात सर्जन लेफ्टनंटपासून सर्जन व्हाइस ॲडमिरलपर्यंत आणि हवाई दलात एअर मार्शल. 2024 मध्ये त्या सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या. दोघीही पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाच्या (एएफएमसी) विद्यार्थिनी. लष्करातला कॅप्टन नौदलात लेफ्टनंट होतो तेव्हा वाचणाऱ्याला पदावनती झाल्यासारखे वाटते, पण ती पायरी एकच असते. उलट नौदलातला कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा. म्हणून दल बदलताना हुद्द्याचे नाव पाहून काही कळत नाही, पायरी पाहावी लागते.

वैद्यकीय अधिकाऱ्यांची पायरी इतक्या सहज टिकते याचे कारण त्यांच्या कामात आहे. शस्त्रक्रिया लष्कराच्या रुग्णालयात केली काय किंवा नौदलाच्या, हात तोच आणि ज्ञान तेच. पायदळातल्या अनुभवी हवालदाराचे तसे नाही. गस्त, मोर्चेबंदी, तुकडी हाताळणे यांत तो मुरलेला असतो, पण जहाजाच्या इंजिनकक्षात कालचा नाविकही त्याच्यापेक्षा अधिक जाणतो. तिथे जुन्या हुद्द्याच्या जोरावर त्याने हुकूम सोडले तर धोका सगळ्यांनाच. माझे म्हणणे एवढेच की कौशल्य जिथपर्यंत सोबत जाते तिथपर्यंत हुद्दाही जावा.

अमेरिकेत दल बदलण्याची वाट अधिक मोकळी आहे, म्हणून हा नियम तिथे पारखून पाहता येतो. तिथल्या सर्व दलांना वेतनश्रेणींची एकच शिडी आहे. अधिकाऱ्यांच्या श्रेणी ओ-1 ते ओ-10, इतर सैनिकांच्या ई-1 ते ई-9. कायद्यानुसार एका दलातून दुसऱ्यात बदली झालेल्या अधिकाऱ्याला आदल्या दिवशी होती त्याहून वरची ज्येष्ठता देता येत नाही. ही अट महत्त्वाची आहे, कारण एकाच हुद्द्याच्या दोघांत वरचा कोण हे तो हुद्दा मिळाल्याच्या तारखेवर ठरते आणि बढतीची पाळीही त्याच तारखेला बांधलेली असते. बाहेरून आलेल्याने आधीपासून रांगेत असलेल्यांच्या पुढे घुसू नये, हे न्याय्यच आहे. ई श्रेणीतल्या सैनिकाला मात्र ही बदलीची वाट नाही. त्याला आधी जुन्या दलातून मुक्त व्हावे लागते आणि मग नव्याने भरती. हुद्दा किती राखायचा हे नव्या दलाची गरज, रिक्त जागा आणि त्याचा व्यवसाय पाहून ठरते. मरीन कोअर तर इतर दलांतून आलेल्यालाही आपल्या 13 आठवड्यांच्या भरती प्रशिक्षणातून जायला लावते.

यावर कोणी म्हणेल, वर्षानुवर्षे सेवा केलेल्याची पट्टी काढून घेणे हा त्याचा अपमान आहे. भावना खरी आहे. पण अमेरिकेत वेतन श्रेणीबरोबर एकूण सेवावर्षांवरही ठरते, त्यामुळे पट्टी गेली तरी वर्षे वाया जात नाहीत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : माणसे हाताळण्याचे कौशल्य तर सगळीकडे सारखेच. ते मान्य करूनच अधिकाऱ्याचा हुद्दा राखला जात असेल, तर दहा जणांची तुकडी सांभाळणाऱ्या सार्जंटने काय घोडे मारले? इथे मला तो कायदा अपुरा वाटतो. डिसेंबर 2019 मध्ये स्पेस फोर्स स्थापन झाले, तेव्हा हवाई दलातून तिकडे गेलेल्या सार्जंटांचीही श्रेणी कायम राहिली, कारण उपग्रह सांभाळणारे हात नव्या दलाला हवे होते. सरकारला गरज पडली तेव्हा जे जमले, ते स्वतःहून दल बदलणाऱ्या आणि आपले काम जाणणाऱ्या सैनिकासाठीही जमायला हवे. त्याच्या व्यवसायाची परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण झाल्यास जुन्या तारखेसह हुद्दा द्यावा.